कोळेकरबाईंचा रॅम्प

प्रिय ईशा आणि विहान,

परवा व्हिडिओ कॉलवर विहानने विचारलं, की अज्जी, तुझ्या कपाटावरच्या फोटोतली हातोडीवाली बाई कोण, आणि हातात हातोडी आहे तर गळ्यात शिट्टी कशाला? तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि उत्तर राहून गेलं. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंही. म्हणून लिहून काढते आहे. आईकडून वाचून घ्या. यात बऱ्याच ठिकाणी आमच्या सोलापूरकडची बोली येईल, ती आईला वाचता येते, फक्त तिला लाज वाटू देऊ नका.

त्या कोळेकरबाई. माझ्या शाळेत पीटी शिकवायच्या. मी इंग्रजी शिकवायची. आम्ही एकाच शिक्षकखोलीत अर्धं आयुष्य काढलं, आणि त्यातली बरीच वर्षं आमचं फारसं जमलं नाही, कारण पीटीच्या तासानंतर माझा तास असायचा आणि मुली घामाने थबथबलेल्या, धुळीने माखलेल्या, हसत-खिदळत वर्गात यायच्या. मी त्यांना स्पेलिंग विचारायची आणि त्या खिडकीतून मैदानाकडे बघायच्या.

बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालण्यात पोटऱ्यांचा जोर दिसायचा. सहावारी साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट दर शनिवारी मैदान आखायच्या फक्कीने पांढरे व्हायचे. गळ्यात शिट्टी, काळ्या गोफात. हळदीकुंकवालासुद्धा शिट्टी घालून आलेली त्यांना मी पाहिली आहे. मंगळसूत्र दिसायचं नाही, शिट्टी दिसायची.

डबा कायम एकच, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी पापडासारखी वाळवलेली असते, तुम्ही इथे आलात तेव्हा ईशाने तिला 'पिझ्झाचा बेस' म्हटलं होतं. बाकीच्या बायका ती हळूच मोडायच्या. कोळेकरबाई भाकरी टेबलावर ठेवून वरून मूठ मारायच्या. सगळ्या खोलीत तुकडे उडायचे. माझ्या तपासलेल्या वह्यांवरसुद्धा. मग त्या म्हणायच्या, "घ्या म्याडम, तुमच्या पोरींना मार्क कमी दिलं असतील तर त्येवढीच भर."

त्यांचं माहेर मोहोळजवळच्या एका वाडीत, घरात मेंढरं. सासरी माणसं उरली नव्हती, त्याविषयी त्या बोलायच्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. बोलायच्या त्या मेंढरांविषयी. कोणताही विषय काढा, दोन वाक्यांत मेंढरू यायचं. नव्या मुख्याध्यापिका आल्या तेव्हा आम्ही सगळ्याजणी त्या कशा असतील याचा अंदाज करत होतो. कोळेकरबाई म्हणाल्या, "नव्या वाड्यात मेंढरू चार दिस कोपऱ्यात उभं ऱ्हातं. मग बगा."

मैदानावर त्यांचा आवाज शुक्रवार पेठेपर्यंत जायचा असं मुली म्हणायच्या. मी तिथेच राहते, आणि ते फार खोटं नव्हतं. पण ऑफिसात त्या तोंड उघडायच्या नाहीत. फार वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यांना सर्वांसमोर शुद्ध बोलायला सांगितलं होतं. बाईंनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून ऑफिसच्या उंबऱ्याच्या आत त्या बोलल्याच नाहीत. सभा असो, नोटीस असो, मान हलवायच्या, नाहीतर मला कोपराने ढोसायच्या आणि मी त्यांच्या वतीने शुद्ध बोलायची. बाहेर आलं की म्हणायच्या, "लई ग्वाड बोललासा म्याडम. मला त्यातलं काय बी बोलायचं नव्हतं, पर ग्वाड बोललासा."

एक प्रसंग सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वार्षिक खेळांचा दिवस होता. धावण्याची शर्यत चालू होती आणि पाहुणे बक्षीस द्यायला उन्हात उभे होते. पहिली आलेली मुलगी टाळ्यांच्या गजरात पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली. पण शेवटच्या रेषेवर कोळेकरबाई नव्हत्या. बघते तर त्या मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, सगळ्यात मागे पडलेल्या मुलीच्या मागून चालत येत होत्या. पळत नव्हत्या, ओरडत नव्हत्या, फक्त मागून चालत होत्या. ती मुलगी रेषेपर्यंत पोचली तेव्हाच त्यांनी शर्यत संपल्याची शिट्टी मारली. तोवर पाहुण्यांना बक्षीस देता आलं नाही.

मुख्याध्यापिका चिडल्या. मीही चिडले. मला वेळेचं भान नसलेली माणसं आवडत नाहीत. नंतर मी बाईंना म्हटलं, की शर्यतीत पहिली कोण आली ते बघायचं असतं.

"पयली आल्याली सगळ्यांना दिसती की," त्या म्हणाल्या. "मेंढरं कदी पुढनं हाकत न्हाईत, म्याडम. मागनं चालायचं असतं. मागचं कोकरू पोचलं म्हंजे कळप पोचला."

आता तुमचा यातला भाग. तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा विहानचा स्केटबोर्ड इथेच राहिला. विमानात सामान जास्त होत होतं आणि स्केटबोर्ड का लोणच्याची बरणी असा प्रश्न आला होता. तुमच्या आईने बरणी नेली. स्केटबोर्ड मी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला.

दिवाळीत राहून गेलेली आवराआवर करायला, तुळशीचं लग्न झाल्यावर, कोळेकरबाई माझ्याकडे आल्या. मी एक वर्षापूर्वी निवृत्त झाले होते, त्यांचं शेवटचं वर्ष होतं. माझे गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून माळा त्यांनी काढायला घेतला. पितळेची भांडी खाली देता देता ती चादर सुटली, स्केटबोर्ड घरंगळत माळ्याच्या कडेला आला आणि धाडकन खाली पडला. पडला तो चाकांवर. आणि तसाच सरळ स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, तिथून उंबऱ्यापर्यंत गेला.

बाई शिडीवरूनच बघत राहिल्या. मग उतरल्या, त्याला उलटा केला, तळव्याने चाकं फिरवली आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहिल्या.

"ह्ये काय म्हनायचं?"

मी सांगितलं, आणि फोनवर तुझेच व्हिडिओ दाखवले, विहान. तू तुमच्या बागेतल्या त्या लाकडी उतारावर वर जातोस आणि खाली येतोस ते. त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग फक्त एवढंच विचारलं, "पोरी करत्यात का ह्ये?" मी ईशाचा व्हिडिओ दाखवला.

त्याच आठवड्यात शाळेत सभा झाली. हे मला बाईंनीच नंतर येऊन सांगितलं. आमच्या शाळेच्या मागे, रस्त्याच्या कुंपणभिंतीला लागून एक पत्र्याची शेड आहे. चारी बाजूंनी उघडी, खाली कोबा. उन्हात मैदान तापलं की मुली तिथे खेळायच्या. अलीकडे तिथे मोडकी बाकं साठली होती आणि मुलींचं जाणं कमी झालं होतं. संस्थेचे अध्यक्ष, आप्पासाहेब, म्हणाले की शेड रिकामीच पडली आहे, ती एका मांडववाल्याला सामान ठेवायला देऊ. वापर नसलेली जागा वाया घालवण्यात अर्थ नाही. बोलण्यात काही खोट नव्हती.

ती शेड गेली की उन्हाळ्याचे चार महिने मुलींना खेळायला सावली उरणार नव्हती. सोलापूरचं उन्हाळ्यातलं ऊन तुम्ही पाहिलं नाही. ते पाहायला येऊही नका. आणि बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. नंतर मुलींसाठी भांडायला कुणी नव्हतं.

तेव्हा ऑफिसात, इतक्या वर्षांनी, कोळेकरबाई बोलल्या.

"खेळ हाय तितं," त्या म्हणाल्या.

सगळे चकित झाले. आप्पासाहेबांनी विचारलं, कुठला खेळ?

"नवा हाय. लाकडाचा उतार लागतो त्याला."

"मला तर कधी दिसला नाही बाई."

"दिसंल की. सव्वीस जानेवारीला झेंड्याला येता न्हवं? झेंडा झाला की शेडमंदी या."

आप्पासाहेब हसले आणि म्हणाले, बरं, खेळ दिसला तर शेड तुमची. नाही दिसला तर मांडववाल्याची.

हे सांगून बाई माझ्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, आता तो उतार कसा करायचा त्ये सांगा."

मला खिळासुद्धा धड ठोकता येत नाही. मी म्हटलं, विहानला विचारून, नीट वाचून, सगळं क्रमाने लिहून देते. पण त्याच दिवशी मला भाचीच्या लग्नाला मैंदर्गीला जायचं होतं. माझं माहेर ते. तिथलं लग्न म्हणजे निम्मं कानडीत, निम्मं मराठीत आणि जेवण संपता संपत नाही. मी बाईंना सांगून गेले, की मी येईपर्यंत काही करू नका.

परत आले तर उतार तयार होता.

शेडमध्ये गेले. मोडक्या बाकांचं जुनं सागवान काढून बाईंनी आणि मुलींनी चांगला भक्कम उतार उभा केला होता. भक्कम म्हणजे हत्ती चढला असता. पण तो सरळ होता, शिडी भिंतीला टेकवावी तसा. आणि त्याच्यावर हात-हातभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या.

मी विचारलं, या पट्ट्या कशाला?

"पाय सटकू न्हाय म्हनून," बाई अभिमानाने म्हणाल्या. "पट्ट्याबिगर उतार कुटं असतो व्हय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मेंढरं टेम्पोत चढवायला जी फळी लावतात, तिच्यावर अशा पट्ट्या असतात, खुरं घसरू नयेत म्हणून. बाईंनी जन्मात जो एक उतार पाहिला होता, तोच त्यांनी बांधला होता.

मी काही बोलायच्या आत आठवीतली नाझिया वर चढली होती. नाझिया म्हणजे शाळेतली सगळ्यात धीट मुलगी. घरी दख्खनी बोलायची आणि घाई झाली की शाळेतही. "मेरेकू डर नै लगता बाई," म्हणत ती स्केटबोर्डवर बसली आणि तिने हात सोडले. खड, खड, खड, खड. प्रत्येक पट्टीवर तिचे दात आपटलेले आम्हाला ऐकू आले. शेवटच्या पट्टीवर स्केटबोर्ड थांबला आणि नाझिया एकटीच पुढे आली, समोर रचून ठेवलेल्या वाळूच्या पोत्यांत तोंड खुपसून. लागलं काही नाही. उठली तेव्हा ओठांवर वाळू होती आणि ती हसत होती. मग सगळ्याच हसल्या.

दुसऱ्या दिवसापर्यंत शाळाभर नाव पडलं, 'मेंढरांचा जिना'. ऑफिसातल्या शिपायापासून विज्ञानाच्या सरांपर्यंत सगळे मधल्या सुट्टीत बघायला यायचे. एका बाईने तर शिक्षकखोलीत बें-बें करून दाखवलं. मला वाटलं, कोळेकरबाई खचतील. त्या भाकरीवर मूठ मारून म्हणाल्या, "त्येला नावं ठेवू नगा. मेंढरासाठी त्यो बराबर हाय. पोरी मेंढरं न्हाईत, त्येवढीच चूक झाली." मग माझ्याकडे वळल्या. "म्याडम, आता तुमी वाचा. मी ऐकते."

तुला आठवत असेल विहान, मी तुला त्या दिवसांत किती त्रास दिला. तू सांगितलंस की उतार सरळ नको, पोटात गोलाई हवी, वाटीच्या काठासारखी. वर उभं राहायला सपाट जागा हवी आणि खाली जिथे लाकूड जमिनीला मिळतं तिथे चाक अडता कामा नये. मी ते सगळं बाईंना मराठीत सांगितलं. गोलाई ऐकून त्या एकदम खुलल्या. गोळाफेकीचं वर्तुळ त्यांनी जन्मभर खुंटी आणि दोरीने आखलं होतं. तशीच खुंटी ठोकली, लांब दोरी घेतली, आणि मैदानावर फक्कीने एक मोठी कमान ओढली. त्या कमानीवर कागद अंथरून माप घेतलं, आणि फर्निचरवाल्याकडून तशाच लाकडी कमानी कापून आणल्या. त्यांचा सांगाडा उभा राहिला तेव्हा तो एखाद्या मोठ्या जनावराच्या बरगड्यांसारखा दिसत होता.

वरून घालायला पातळ प्लाय हवा होता. तो गॅदरिंगच्या जुन्या पडद्यामागे सापडला. कुठल्याशा नाटकासाठी त्याच्यावर डोंगर आणि उगवता सूर्य रंगवला होता. पण प्लाय वाकेना. आम्ही एक टोक खाली धरलं की दुसरं टोक उसळून वर यायचं. नाझियाच्या कपाळाला एकदा टेंगूळ आलं. जास्त जोर लावला तर कडकड वाजायचा आणि बाई "सोडा, सोडा" म्हणून शिट्टी मारायच्या.

जानेवारी उजाडला होता. आप्पासाहेबांचा माणूस एकदा येऊन शेडची लांबी-रुंदी मोजून गेला. त्या दिवशी बाई मैदानावर ओरडल्या नाहीत. मुलींना ते फार जाणवलं.

मी वाचलं होतं की लाकूड भिजवलं की वाकतं. पण एवढी मोठी फळी भिजवायची कशात? पाणी ओतलं की वाहून जायचं. मी हे वाचून दाखवत होते आणि बाई मध्येच उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षातून दोन घोंगड्या घेऊन आल्या, त्यांच्या घरच्या मेंढरांच्या लोकरीच्या. घोंगडी म्हणजे काळी, खरखरीत, जड. ओली झाली की दिवसभर पाणी सोडत नाही. पावसात मेंढपाळ ती डोक्यावरून घेतात. बाईंनी घोंगड्या हौदात बुचकळल्या आणि प्लायवर पसरल्या. दुपारी काढल्या तेव्हा लाकूड ओलं, मऊ आणि किंचित मेंढरांचा वास येणारं झालं होतं.

मग तो क्षण आला. प्लाय कमानीवर ठेवला आणि बाईंनी शिट्टी मारली. "बसा."

मुली एका ओळीत, खांद्याला खांदा लावून प्लायच्या खालच्या कडेवर बसल्या. लाकूड थोडं झुकलं. "आजून." दुसरी ओळ बसली. लाकूड कुरकुरलं आणि हळूहळू, अगदी अनिच्छेने, पोटात शिरत गेलं. बाई गुडघ्यावर रांगत एका टोकाकडून स्क्रू पिळत चालल्या. कुणी हसायचं नाही, शिंकायचं नाही अशी सक्त ताकीद होती. शेवटचा स्क्रू बसला. "उठा."

मुली उठल्या. प्लाय उसळला नाही. तो कमानीला बिलगून राहिला, आणि रंगवलेला सूर्य त्या गोलाईत बरोबर मधोमध आला.

मी आयुष्यभर वर्गाला शांत बसायला सांगत आले. मुलींच्या एका जागी शांत बसण्यातून काही घडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

वरून प्लायचा दुसरा थर चढला, त्यालाही तीच घोंगडी आणि तीच शिस्त. सूर्य झाकला जाणार म्हणून मुली हळहळल्या, तेव्हा चित्रकलेच्या बाईंनी तो वर पुन्हा रंगवून दिला. खालच्या सांध्यावर पत्र्याची पट्टी हवी होती; बाईंनी स्वतःच्या वसतिगृहाच्या दिवसांतल्या पेटीचं झाकण कापलं. मी म्हटलं, अहो, ती आठवणीची पेटी. त्या म्हणाल्या, "आटवन काय झाकनात ऱ्हाती व्हय?" वरच्या कडेला उंच उडीच्या खांबाचा जुना पाइप बसला. आणि तो मेंढरांचा जिना? तो त्यांनी रॅम्पच्या मागच्या बाजूला लावला. वर चढायला त्याच्याइतकी चांगली पायवाट दुसरी नव्हती. पाय सटकत नव्हता.

मग सुरू झाला सराव. स्केटबोर्ड एकच, तुझा, विहान. मुली रांगेने मागून चढायच्या, एकेक जण उतरायची आणि स्केटबोर्ड मागे पाठवायची. आधी बसून, मग उभ्याने. हेल्मेट म्हणून शिक्षकांची स्कूटरची हेल्मेटं. विज्ञानाच्या सरांचं लाल हेल्मेट सगळ्यांना मोठं व्हायचं, तरी त्याच्यावरूनच भांडणं. गुडघ्यांना त्याच घोंगडीचे तुकडे बांधलेले. आणि त्या सपाट जागेवर मुलगी उभी राहिली की तिचं डोकं कुंपणभिंतीच्या वर दिसायचं. रस्त्यावरचे स्कूटरवाले थांबून बघायचे. एक डोकं वर यायचं, नाहीसं व्हायचं. मग दुसरं.

सातवीत एक श्रावणी होती. जाड चष्मा, बोलणं ओठांतल्या ओठांत. प्लायवर बसायला पहिल्या ओळीत ती होती, पण सरावात ती बसूनच उतरायची. उभी राहिली की लगेच पुन्हा खाली बसायची. बाईंनी तिला कधी उठ म्हटलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, आप्पासाहेबांचं भाषण झालं, आणि सगळी शाळा शेडकडे वळली. मुख्याध्यापिका, पालक, मांडववालासुद्धा आला होता, त्याला बहुधा जागा बघायची होती. मी मागे खांबाला धरून उभी होते.

नाझिया पहिली. ती वर आली, लाल हेल्मेट नीट केलं आणि पाऊल टाकलं. सूर्यावरून सरळ खाली, कोब्यावरून सगळ्या शेडची लांबी कापत पलीकडच्या पोत्यांपर्यंत. एक क्षण कुणाला कळलंच नाही, आणि मग जो टाळ्यांचा आवाज झाला त्याने पत्र्यावरची कबुतरं उडाली. दुसरी, तिसरी, चौथी. एक पडली, उठली, परत चढली आणि पुन्हा आली. आप्पासाहेब चांगलेच रंगले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "छान, छान. बघितला खेळ."

ते वळलेच होते. कोळेकरबाई म्हणाल्या, "आजून पोरी ऱ्हायल्यात, साहेब."

"अहो, बघितला ना."

"पयल्या बगितल्या. शेवटची न्हाय."

आप्पासाहेब थांबले. मला ती जुनी शर्यत आठवली. आणि शेवटची श्रावणी होती.

ती वर आली. भिंतीपलीकडे रस्त्यावर माणसं उभी होती, इकडे सगळी शाळा. स्केटबोर्ड तिने कडेला ठेवला, एक पाय त्याच्यावर ठेवला आणि तशीच राहिली. तेव्हा बाई रॅम्पच्या मागे गेल्या आणि त्यांच्या त्या मेंढरांच्या जिन्यावरून, पट्टी-पट्टीवर पांढरे बूट टेकत वर चढल्या. श्रावणीच्या मागे उभ्या राहिल्या. हात लावला नाही.

"बसू का बाई?" श्रावणीने विचारलं.

"तुजं तू ठरीव. मी मागं हाय."

श्रावणीने चष्मा हेल्मेटच्या आत सरकवला. ती बसली नाही. दुसरा पाय ठेवला आणि वजन पुढे टाकलं. स्केटबोर्ड सूर्यावरून खाली आला, तिचे हात पंखांसारखे पसरलेले, गुडघे इकडे-तिकडे, तोंड उघडं. पेटीच्या झाकणावरून चाकं टण् करून गेली. ती डुलत, वाकडीतिकडी, पण उभ्यानेच पोत्यांपर्यंत पोचली आणि तिथे पोत्याला मिठी मारून राहिली.

तेव्हाच बाईंनी शिट्टी मारली. खेळ संपला.

आप्पासाहेब रॅम्पजवळ गेले, हाताने ते लाकूड चाचपलं आणि विचारलं, "बाकं कुणाच्या परवानगीनं मोडली?" बाई वरून म्हणाल्या, "मोडल्यालीच हुती. आमी जोडली." आप्पासाहेब मांडववाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला दुसरी जागा बघू या."

मुलींनी जो गलका केला तो मी सांगू शकत नाही. तो फोटो त्याच वेळचा. एका पट्टीचा खिळा वर आला होता म्हणून बाई तेवढ्या गर्दीत हातोडी घेऊन आल्या होत्या. आणि शिट्टी तर होतीच. चेहऱ्याकडे नीट बघा. त्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. पोत्यांकडे बघताहेत.

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. मोहोळकडे, भावाकडे जायचं ठरलं होतं. निरोप समारंभ वगैरे त्यांनी होऊ दिला नाही. ऑफिसात होता म्हणून. भाऊ मेंढरांचा टेम्पो घेऊन आला, सामान भरलं आणि टेम्पो शाळेवरूनच न्यायचा हट्ट बाईंनी धरला. मी बरोबर होते. शाळेमागच्या रस्त्यावर टेम्पो थांबला. बाई पुढे, भावाजवळ बसायला तयार होईनात. मागची फळी लावायला सांगितली. ती मेंढरांची फळी, आडव्या पट्ट्यांची.

"बगा म्याडम," त्या चढता चढता म्हणाल्या, "पट्ट्या असत्यात त्या ह्याच्यासाठी."

त्या टेम्पोत मागे उभ्या राहिल्या, सामानात, फळकुटाला धरून. सुट्टी होती, तरी शेडमध्ये मुली होत्या. भिंतीवर एक डोकं वर आलं, लाल हेल्मेटचं, आणि नाहीसं झालं. मग दुसरं. मुलींना रस्त्यावर कोण उभं आहे ते माहीत नव्हतं. बाईंनी हाक मारली नाही. बोट हवेत धरून त्या प्रत्येक डोक्याबरोबर ते किंचित हलवत होत्या, कळप मोजावा तसं. भावाने पुढून हॉर्न वाजवला. त्यांनी मागे हात करून त्याला थांबवलं.

बऱ्याच वेळाने एक चष्मा वर आला. क्षणभर थांबला आणि खाली गेला. चाकांचा आवाज आला, मग टण्.

बाईंनी टेम्पोच्या पत्र्यावर तळहात मारला, "चल," म्हणाल्या, आणि टेम्पो निघाला.

तुमची,
अज्जी